जागा बदलायची ती काठावरच

निवृत्तीनंतर नवरा-बायकोने मिळून एखादा छंद लावून घ्यावा, असा सल्ला हल्ली सगळीकडे मिळतो. ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्याख्यानात मिळतो, दिवाळी अंकातल्या लेखात मिळतो, मुलीच्या फोनवर तर दर रविवारी मिळतो. सल्ला चांगलाच आहे. पण 'मिळून' म्हणजे नक्की कसं, हे मात्र कुणी सांगत नाही. रात्री शेजारी-शेजारी बसून मालिका बघणं हेही मिळूनच झालं. त्याने अंगणात गुलाब लावायचे आणि तिने त्याला तिथे चहा नेऊन द्यायचा, यालाही 'बागकाम हा आमचा दोघांचा छंद' म्हणणारी जोडपी मी पाहिली आहेत. मुलाखत दिली की फोटोत दोघंही असतात. मातीचे हात मात्र एकाचेच.

माझं मत थोडं वेगळं आहे. दोघांपैकी प्रत्येकाला दुसऱ्याची जागा घेता आली, तरच तो छंद दोघांचा. नाहीतर एकाचा छंद आणि दुसऱ्याची सोबत. सोबतीलाही मोल आहे, नाही असं नाही. पण उतारवयात नुसती सोबत पुरत नाही, आणि ती का पुरत नाही, हेच आज लिहायचं आहे. हे मत माझ्या मनात तयार झालं ते एका पिवळ्या प्लास्टिकच्या होडीत बसून. तेव्हा आधी त्या होडीबद्दल.

आम्ही दोघं कयाक चालवतो. माझं वय बहात्तर, यांचं शहात्तर. वाचून हसू आलं तर हसून घ्या, आमच्या घरचेही हसले होते. मी मूळची घाटावरची, कृष्णेच्या काठची. पाठीला डबा बांधून नदीत पोहायला शिकलेली. बत्तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं. हे सरकारी नोकरीत होते. निवृत्तीनंतर आम्ही यांच्या मूळ घरी, मालवण तालुक्यात कर्ली नदीच्या खाडीकाठी येऊन राहिलो. घरामागे माड संपतात तिथे पाणी सुरू होतं. यांचा पुतण्या पर्यटकांना कयाकमधून फिरवतो. २०१८ च्या डिसेंबरात त्याने एक जुनी, दोघांची कयाक आमच्या पडवीत आणून ठेवली आणि म्हणाला, "काकी, हयसर पडान रवता त्यापेक्षा वापरा." तेव्हापासून वापरतो आहोत.

ज्यांनी कयाक पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. (शिक्षकी सवय आहे, जात नाही.) कयाक म्हणजे लांबट, अरुंद आणि बुटकी होडी. पाण्याच्या इतकी जवळ असते की हात खाली सोडला तर बोटं भिजतात. वल्हं एकच, पण त्याला दोन्ही टोकांना पाती. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं मारत जायचं. तोंड जायच्या दिशेलाच असतं. जोर दंडांचा लावायचा नसतो, कमरेतून वळायचं असतं. दंडाने मारत राहिलात तर दहा मिनिटांत थकाल, कमरेने मारलंत तर आमच्यासारखी म्हातारी माणसंही तासभर जातात. पर्यटकांसाठी असतात त्या कयाक बहुतेक पोकळ प्लास्टिकच्या आणि वरून उघड्या असतात. त्यांना तळापर्यंत आरपार भोकं असतात. नवीन माणूस ती भोकं बघून घाबरतो. पण बसायची जागा पाण्याच्या पातळीच्या वर असते, त्यामुळे भोकांतून पाणी आत येऊन साचत नाही. उलट वर आलेलं पाणी तिथून निघून जातं.

आता मुद्द्याची गोष्ट. दोघांच्या कयाकमध्ये दोन जागा असतात आणि त्या दोन जागांची कामं वेगवेगळी असतात.

पुढे बसतो तो ताल ठरवतो. त्याला मागचं काहीच दिसत नाही, म्हणून त्याने एका लयीत वल्हवत राहायचं आणि मागच्याने त्याच्याकडे बघून आपलं वल्हं त्या लयीत टाकायचं. लय चुकली की वल्ह्यावर वल्हं आपटतं. मागे बसतो तो दिशा सांभाळतो. होडी पुढे जात असताना तिचं नाक पाण्यात रुतलेलं असतं आणि शेपूट सैल असतं. त्यामुळे मागून दिलेला हात लवकर लागू पडतो. थोडक्यात, पुढच्याने लय द्यायची आणि मागच्याने वळण द्यायचं. पुढच्याला मागच्यावर विश्वास ठेवावा लागतो, मागच्याला पुढच्याचं ऐकावं लागतं. दोघांना एकमेकांचे चेहरे मात्र दिसत नाहीत. इंग्रजी बोलणाऱ्या देशांत या दोघांच्या कयाकला गमतीने 'घटस्फोटाची होडी' म्हणतात. का म्हणतात ते आम्हाला दुसऱ्याच दिवशी कळलं. "अहो, डावीकडे चाललीय" आणि "तू आधी सरळ वल्हव" या दोन वाक्यांत आमचा पहिला महिना गेला.

मूळची कयाक मात्र एकट्याची. हा शब्दच इनुइट लोकांच्या भाषेतून आला आहे. ग्रीनलंड आणि उत्तर कॅनडाच्या ज्या किनाऱ्यांवर झाडं वाढत नाहीत, तिथे समुद्रातून वाहत आलेल्या लाकडाचा सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचं कातडं ताणून बसवायचं, अशी ती होडी. ती पुरुषाची, शिकारीची होडी. ग्रीनलंडमध्ये बायकांची होडी वेगळी असे, तिचं नाव उमियाक. ती मोठी आणि उघडी. मुलंबाळं आणि संसाराचं सामान तीत घालून बायका ती वल्हवत नेत. म्हणजे कामाची वाटणी तिथेही होतीच. पण मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. पुरुषाच्या कयाकवरचं कातडं शिवत असत बायका, पाणी आत झिरपणार नाही अशा टाक्याने. तो बर्फाच्या पाण्यात उतरे तो तिच्या टाक्यावर भरवसा ठेवून. आपल्याकडचे संसारही याच पद्धतीने चालत आले. त्याची होडी, तिचा टाका. एकमेकांवाचून अडेल अशी वाटणी. पण अडेल म्हणजे खरोखरच अडेल, हे ध्यानात यायला एकाला जावं लागतं.

आमच्या खाडीत मोसमात पर्यटक येतात. एखादं जोडपं आलं की होडीवाला न विचारता बाईला पुढे बसवतो आणि सगळ्या सूचना पुरुषाला देतो. विचारलं तर सांगतो, वजनदार माणूस मागे हवा. हे खरं आहे. पुढे जास्त वजन झालं की नाक पाण्यात घुसतं आणि होडी भरकटायला लागते. पण या कारणावर साधा उपाय आहे. हलका माणूस मागे बसवायचा असेल तर त्याच्या पाठीमागे पाण्याचा कॅन बांधून ठेवायचा. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो, वजन आलं बरोबर. उपाय इतका सोपा असून कुणी करत नाही, त्या अर्थी कारण नुसतं वजनाचं नाही. सवयीचं आहे.

पहिलं वर्षभर मीही पुढेच बसले. २०१९ च्या डिसेंबरात पुतण्याच म्हणाला, "काकी, आज तुमी मागे बसा. काकांका पुढे बसवया." यांना ते पसंत नव्हतं, हे यांच्या चपला काढण्यावरून कळलं. आमच्या स्कूटरवर मी सत्तावीस वर्षं मागे बसले. पण स्कूटरवर मागे बसणं आणि कयाकमध्ये मागे बसणं यात मोठा फरक. इथे मागे बसतो तो चालवतो.

त्या दिवसापासून दोन गोष्टी झाल्या.

पहिली यांच्या बाजूची. पुढे बसल्यावर यांना पहिले पंधरा दिवस सारखं मागे वळून बघायचं असायचं. मी नीट नेते आहे की नाही याची खात्री करायला. पण कयाकमध्ये मागे वळलं की होडी कलते. दोन-तीनदा पाण्यात पडता पडता वाचल्यावर हे वळायचे थांबले. मग विचारायला लागले, "खडक दिसतोय का गं तुला?" आयुष्यभर सूचना देण्याची नोकरी केलेल्या माणसाने विचारायला शिकणं ही लहान गोष्ट नाही. एकदा परत आल्यावर म्हणाले, "पुढे बसलं की सूचना ऐकून कंटाळा येतो गं." मी काही बोलले नाही. बोलायची गरज नव्हती.

दुसरी गोष्ट माझ्या बाजूची. पुढे बसलं की पाणी दिसतं. तिवरांची मुळं दिसतात, खंड्या दिसतो, ब्राह्मणी घार दिसते. मागे बसलं की आधी माणूस दिसतो. पन्नास वर्षांच्या संसारात मी यांची पाठ इतका वेळ सलग कधी पाहिली नव्हती. डावा खांदा खाली उतरलाय. मान बारीक झालीय. वीस मिनिटं झाली की उजवा हात आखूड पडायला लागतो. घरात आम्ही समोरासमोर बसून जेवतो, पण जेवताना माणूस ताट बघतो, नाहीतर टीव्ही. इथे माझं कामच त्यांच्याकडे बघायचं होतं. त्यांचा हात आखूड पडला की मी माझा आखूड करायची. त्यांना ते कळत नसे. किंवा कळत असेल, म्हणाले मात्र नाहीत.

२०२३ च्या फेब्रुवारीत एकदा सकाळी वारा लवकर उठला. शाळेच्या भूगोलात आपण शिकतो ना, रात्रीचे मतलई वारे आणि दिवसाचे खारे वारे, तेच. जमीन तापू लागली की समुद्रावरून वारा येतो आणि खाडीत लाटा उठायला लागतात. आम्ही परतायलाच लागलो होतो तेवढ्यात यांच्या दंडात गोळा आला. वल्हं उचलेना. मी होडी तिवरांच्या आडोशाला घेतली आणि काठाकाठाने एकटीने आणली. पंधरा-वीस मिनिटांचं काम. यात शौर्य वगैरे काही नव्हतं, पुतण्याची दहा वर्षांची मुलगीही हे करते. सांगायचं एवढंच की त्या वेळी मी मागे होते, आणि मागे बसायला मला येत होतं. मी पुढे असते आणि मागचं काम मला ठाऊकच नसतं, तर त्या वाऱ्यात आम्हाला जागा बदलता आल्या नसत्या. अरुंद होडीत एकजण जरी उठून उभा राहिला तरी होडी उलटते. जागा बदलायची ती काठावरच. पाण्यात गेल्यावर ज्याची जी जागा, ती.

हे एकदा ध्यानात आलं आणि मला माझ्या ओळखीतली घरं वेगळी दिसायला लागली.

एका घरात यजमान गेले. मागे राहिलेल्या बाईंना पेन्शन कुठल्या बँकेत येते हे माहीत नव्हतं. शिकलेली बाई, पुस्तकं वाचणारी. पण पासबुक कधी हातात घेतलं नव्हतं, 'ते बघतात' म्हणून. मोबाईलवर ओटीपी आला की नातवाला हाक मारायच्या, आणि नातू राहतो बंगळूरला. दुसऱ्या घरात बाई गेल्या. मागे राहिलेले गृहस्थ सहा महिने दूध-पाव खाऊन राहिले. भाताला पाणी किती घालायचं हे विचारायची त्यांना लाज वाटत होती. आपल्या गोळ्या कुठल्या डब्यात असतात हेही त्यांना माहीत नव्हतं, कारण त्या रोज ताटाशेजारी आपोआप येत असत. २०२० आणि २०२१ च्या साथीत तर असे प्रसंग गावोगाव झाले. दोघांपैकी एकजण रुग्णालयात गेला आणि घरात उरलेला माणूस स्वतःच्याच घरात परका झाला. या माणसांचं एकमेकांवर प्रेम नव्हतं का? होतंच. पण त्यांनी आयुष्यभर एकच जागा सांभाळली होती.

आता यावर कुणी म्हणेल, बाई, भात शिकवायला होडी कशाला हवी? स्वयंपाकघरात उभं करा आणि शिकवा.

हा प्रश्न बरोबर आहे, आणि माझ्या सगळ्या म्हणण्याचं उत्तर यातच आहे. शिकवायला होडी लागत नाही. पण शिकवायचं का, हे घरात बोलता येत नाही. "मी गेल्यावर तुमचे हाल होतील म्हणून भात शिका" हे वाक्य कुठली बायको बोलेल? आणि "मी गेल्यावर तुला लागेल म्हणून बँकेचं शिकून घे" असं नवरा म्हणाला, तर बायको पहिलं काय म्हणेल? "अहो, काहीतरी अभद्र बोलू नका." आपल्याकडे मरणाचं नाव काढणं म्हणजे त्याला बोलावणं. बँक बरी. संयुक्त खात्याच्या फॉर्मवर 'दोघांपैकी एक किंवा हयात असेल तो' असं स्पष्ट छापलेलं असतं आणि आपण त्यावर मुकाट्याने सही करतो. घरात मात्र ते वाक्य उच्चारायची सोय नाही.

खेळात ती सोय असते. "आज तू मागे बस" हे म्हणताना कुणाला काही अभद्र वाटत नाही. खेळच आहे तो. पण जागा बदलायची सवय शरीराला लागते, आणि मग ती होडीतून उतरून घरात येते. आमच्याकडे अशीच आली. एक दिवस खाडीवरून आल्यावर हेच म्हणाले, "आज भात मी लावतो, तू मागे बस." मी खुर्ची ओढून मागे बसले आणि फक्त दिशा सांगितली. पहिला भात लापशी झाला, दुसरा बरा झाला. मीही वीजबिल भरायला, बँकेचं ॲप चालवायला याच बोलीत शिकले. 'पुढे बसायचं' आणि 'मागे बसायचं' हे आमच्या घरातले शब्द झाले आहेत. त्यामुळे जे बोलायला जीभ धजली नसती ते आम्ही न बोलता करतो. जोडीने छंद लावायचा तो वेळ घालवायला, असं मला म्हणूनच वाटत नाही. वेळ घालवायला पुष्कळ साधनं आहेत. छंद अशासाठी हवा की ज्याची तयारी करायला हवी पण ज्याचं नाव काढवत नाही, त्याची रंगीत तालीम हसत-खेळत होते.

आमच्या होडीत दोन जागांच्या मधोमध एक तिसरा खळगा आहे. सुरुवातीला मला वाटलं तो डबा ठेवायला असेल. पुतण्याने सांगितलं, दोघांबरोबर लहान मूल असेल तर ते तिथे बसतं, आणि ही होडी एकट्याने न्यायची असेल तर त्याने तिथे बसायचं. एकट्याने मागे किंवा पुढे बसून चालत नाही, तोल जातो. मधे बसायचं.

दोघांची होडी एकट्याने किती लांब नेता येते, याचं एक जुनं उदाहरण आहे. १९३२ साली ऑस्कर स्पेक नावाचा एक बेकार जर्मन तरुण घडीची कयाक घेऊन उल्म गावाहून डॅन्यूब नदीत उतरला. काम शोधायला सायप्रसपर्यंत जायचं असं ठरवून निघाला आणि पुढे जातच राहिला. इराणचा किनारा झाला, मग आपल्या पश्चिम किनाऱ्याने खाली श्रीलंका, पुढे ब्रह्मदेश, इंडोनेशिया. १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोचला तेव्हा महायुद्ध सुरू झालं होतं. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला कैदेत टाकलं. सात वर्षांच्या त्या प्रवासात आमच्या या किनाऱ्यासमोरूनही तो गेला असणार. त्याची होडी मुळात दोघांची होती. दुसऱ्या माणसाच्या जागेवर सामान होतं. तो तरणा आणि धाडसी होता, त्याची आमची बरोबरी नाही. पण सगळी होडी ठाऊक असेल तर दुसरी जागा रिकामी झाल्यावरही ती नेता येते, एवढं त्यातून घेता येतं.

गेल्या दोन वर्षांपासून आम्ही आठवड्यातला एक दिवस असा ठेवलाय की एकजण मधल्या जागेवर बसून एकट्याने होडी नेतो आणि दुसरा काठावर उभा राहतो. लांब नाही, समोरच्या माडांच्या रांगेपर्यंत आणि परत. का ठेवलाय, यावर आम्ही दोघं एक शब्द बोललेलो नाही. काठावर उभं राहणं हे वल्हवण्यापेक्षा अवघड आहे, एवढंच सांगते.

आता आक्षेपांकडे वळते. तीन आक्षेप मी नेहमी ऐकते.

पहिला, पन्नास वर्षांची वाटणी चांगली चाललीय, ती म्हातारपणी कशाला मोडायची? मोडायची नाहीच. रोजचं ज्याचं काम त्याने करावं. आमच्याकडेही रोजचा भात मीच लावते, कारण यांचा भात अजून भरवशाचा नाही. मुद्दा फक्त येण्याचा आहे, रोज करण्याचा नाही.

दुसरा, प्रत्येकाचा छंद वेगळा असू शकतो, ओढून-ताणून एकत्र कशाला? हेही मान्य. यांना संध्याकाळी पत्ते लागतात, मला वाचन लागतं. त्यात आम्ही एकमेकांना ओढत नाही. पण एकतरी गोष्ट अशी असावी जिच्यात दोघांना दोन्ही जागा येतात. ती कयाकच असायला हवी असं मुळीच नाही. पेटी आणि तबला असू शकेल. परसातली भाजी असू शकेल. पाण्याची भीती असेल त्यांनी तर उगीच या वाटेला जाऊ नये. कयाकचा गुण एवढाच की त्यात लबाडी चालत नाही. जागा येत नसेल तर होडी गोल फिरते आणि काठावरची पोरं हसतात.

तिसरा आक्षेप वयाचा आणि धोक्याचा. हा सर्वांत महत्त्वाचा आणि यात मी कुणालाही भरीला घालणार नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. लाईफ जॅकेट घालायचंच, आणि त्याचे पट्टे आवळायचेच. नुसतं खांद्यावर अडकवलेलं जॅकेट पाण्यात वर निघून येतं. सुरुवातीचे दिवस जाणत्या माणसाबरोबर, कमरेएवढ्या पाण्यात, आणि होडीतून पडून परत चढायचा सराव करूनच पुढे जायचं. होडीवर आधी पोट टेकवायचं, मग वळून बसायचं, मग पाय आत घ्यायचे. आम्हाला ते जमायला महिना लागला. खाडीच्या मुखाकडे, जिथे नदी समुद्राला मिळते तिथे, आम्ही जात नाही. ओहोटीला तिथला ओढ समुद्राकडे असतो. पावसाळ्याचे चार महिने होडी पडवीत उलटी. बाकीच्या दिवसांत सकाळी लवकर जायचं आणि वारा उठायच्या आत घरी. निघताना ओढाच्या विरुद्ध जायचं, म्हणजे थकल्यावर परतीला पाणीच आणून सोडतं.

भरतीची वेळ आमच्याकडची जुनी माणसं तिथीवरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा ढोबळ हिशेब आहे, थोडी मागे-पुढे होते, म्हणून तक्ताही बघावा. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, पाणी शांत. पुनवेला आणि अवसेला उधाण, त्या दिवसांत आम्ही घरीच बसतो. आमचा हा हिशेब आधी हे करायचे. आता एक आठवडा हे करतात, एक आठवडा मी. कालनिर्णय स्वयंपाकघरातून पडवीत आणून टांगलंय, दोघांच्या हाताला येईल असं.

हे वाचणारे पुष्कळजण साठीच्या आसपासचे असतील. तुमच्याजवळ खाडी नसेल, नसू दे. उद्या सकाळी एवढंच करून बघा. घरातलं एक काम असं निवडा की जे इतक्या वर्षांत तुमच्या जोडीदारानेच केलंय, आणि म्हणा, आज मी करतो, तू सांग. किंवा आज मी करते, तुम्ही सांगा. कारण विचारलं तर सांगायची गरज नाही. खेळ म्हणून करा. आणि ज्याला सांगायचं काम आलंय त्याने मात्र मधेच उठून हातातलं काम काढून घ्यायचं नाही. आमच्या घरी हा नियम पाळायला सर्वांत जास्त त्रास मला होतो.